रेस्क्यू टीमसाठी पैसे उभे करायचेत? एक दिवसाचं क्लाइंबिंग सेफ्टी वर्कशॉप असं घ्या

आमच्या ग्रुपने तीन वर्षं हा उद्योग केलाय, त्यातलं पहिलं वर्ष सपशेल फसलं होतं हे आधीच सांगून टाकतो. २४ लोक आले, सगळे खूश होऊन गेले, फोटो एक नंबर आले, आणि रात्री हिशोबाला बसलो तेव्हा रेस्क्यू टीमला द्यायला उरले साडेतीन हजार. कारण काय, तर आम्ही हौसेने टीशर्ट छापले होते, मागे दोर आणि डोंगराचं चित्र वगैरे. टीममधल्या एका सिनियर दादाने पाकीट घेतलं आणि म्हणाला, "वा, दोन फेऱ्यांचं डिझेल झालं की." टोमणा नव्हता बहुतेक, पण लागला. तर तुम्ही पहिल्यांदाच करणार असाल तर आमच्या चुका तुम्ही परत करू नका, नवीन करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सह्याद्रीत कोणी अडकलं, पडलं, हरवलं तर जी माणसं रात्री-बेरात्री दोर घेऊन निघतात ती बहुतेक सगळी स्वयंसेवक असतात. नोकरी करणारी, दुकान चालवणारी, कॉलेजची पोरं. लोणावळ्याला शिवदुर्ग मित्र आहे, पुण्या-मुंबईतल्या, नाशिककडच्या गिर्यारोहण संस्था आहेत, आणि कॉल आला की कुठली टीम जवळ आहे ते बघून जोडून देणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे. वाचवलेल्या माणसाकडून ही मंडळी पैसे घेत नाहीत. पण दोर फुकट येत नाही, डिझेल तर नाहीच नाही, आणि एकदा धारदार कातळावर घासला गेलेला दोर कितीही महाग असला तरी बाद करावा लागतो.

आधी टीमला विचारा

सगळे लोक हे शेवटी करतात. आधी पोस्टर, मग इव्हेंट, मग पैसे आले की "दादा काय घेऊ तुमच्यासाठी?" आम्ही पण तेच केलं. दुसऱ्या वर्षी कार्यक्रमाच्या दोन महिने आधी जाऊन चहा पीत बसलो आणि सरळ विचारलं की तुम्हाला आत्ता काय कमी पडतंय. मला वाटलं होतं ड्रोन सांगतील. त्यांनी सांगितलं हेडलॅम्पच्या बॅटऱ्या, स्टॅटिक (फार न ताणणारा) दोर, स्ट्रेचरचे पट्टे, आणि गाडीत कायम पडून राहील अशी डिझेलसाठी थोडी रक्कम. म्हणजे अगदी बोअर यादी. पण हीच यादी पोस्टरवर टाकली तर लोकांना कळतं की पैसा नक्की कुठे जाणार, "रेस्क्यूसाठी मदत करा" याच्यापेक्षा "एक स्टॅटिक दोर घेऊन देऊया" हे कोणालाही लगेच समजतं.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. टीमची सगळी माणसं इन्स्ट्रक्टर म्हणून बुक करू नका आणि त्यांचं सामान तर अजिबात मागू नका. ट्रेकला गर्दी रविवारी असते, त्यामुळे कॉलही जास्त करून रविवारीच येतात, आणि तुमचं वर्कशॉपही रविवारीच असणार. दोघांना बोलवा, आणि ते कधीही उठून जाऊ शकतात असं धरूनच प्लॅन करा. आमच्या दुसऱ्या वर्षी सकाळी ११ ला फोन वाजला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, हातातला चहा ठेवला आणि पाच मिनिटांत बाईकवरून गायब. आम्ही रॅपलिंगचं (दोरावरून खाली उतरायचं) स्टेशन बंद केलं कारण तिथे बघायला भरवशाचा माणूस उरला नव्हता. एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

पैशाचं गणित, टीशर्ट सोडून

समजा २४ जण, फी १,२०० रुपये. झाले २८,८००. आता खर्च: वॉलचं (चढाईच्या सरावासाठी बांधलेल्या भिंतीचं) दिवसाचं भाडं ६,०००, इन्स्ट्रक्टरांचा प्रवास वगैरे ३,०००, नाश्ता-जेवण ३४ माणसांचं (तुमची टीम पण जेवते, हे विसरतात लोक) २०० रुपयांप्रमाणे ६,८००, विमा, फर्स्ट एड, झेरॉक्स मिळून २,०००. एकूण १७,८००. उरले ११,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण प्रमाण साधारण असंच पडतं, म्हणजे फीमधून फार काही उरत नाही. म्हणून मग काही जण म्हणतात लोक वाढवू, ५० घेऊ. नका घेऊ. एका इन्स्ट्रक्टरमागे सहाच्या वर नवखे लोक गेले की तो शिकवत नाही, फक्त रांग सांभाळतो. खरा पैसा फीमधून येत नाही, तो दिवसाच्या शेवटी येतो, ते खाली सांगतो.

पोस्टरवर मात्र स्वच्छ लिहा की फीमधले अंदाजे किती रुपये टीमला जाणार. "संपूर्ण रक्कम रेस्क्यूला" असं लिहून मग पोह्यांचे पैसे वजा करायचे, हे बरं दिसत नाही.

पैसे कुणाच्या खात्यात?

तुमच्या नाही. माझ्याही नाही. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या पर्सनल यूपीआयवर सगळे पैसे घेतले आणि मग त्यातले कुठले वर्कशॉपचे आणि कुठले त्याच्या रूममेटने दिलेले भाड्याचे, हे शोधण्यात एक आख्खी रात्र गेली. माणूस सरळ आहे म्हणून निभावलं.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे एखाद्या नोंदणीकृत गिर्यारोहण संस्थेला बरोबर घ्यायचं आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्यायचे. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना चांगल्या कामासाठी म्हणून लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला कळवावं लागतं. आपल्याकडे गणपती मंडळं वर्गणीसाठी ४१ क ची परवानगी काढतात ना, तेच ते. मंडळाचं काम केलेला एखादा मित्र असेल तर त्याला सगळे फॉर्म पाठ असतात, पुण्यात असा मित्र सगळ्यांनाच असतो.

८०जी बद्दल, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीबद्दल, हमखास विचारतात. वर्कशॉपची फी ही देणगी नाही, त्याबदल्यात तुम्ही काहीतरी देताय, त्यामुळे फीवर ८०जी ची पावती देता येत नाही. फी वेगळी, देणगी वेगळी, पावतीबुकं पण दोन ठेवा. देणगीची पावती फक्त ज्या संस्थेकडे ८०जी आहे तीच देऊ शकते, आणि रोख २,००० च्या वर दिले तर त्याला ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या. आणि अमेरिकेतला चुलतभाऊ उत्साहात येऊन "मी पण पाठवतो" म्हणाला तर आधी त्याला पासपोर्ट कुठला ते विचारा. परदेशी नागरिक झाला असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची) नोंदणी नसलेल्या संस्थेला त्याच्याकडून देणगी घेता येत नाही. बाकी सगळं सीएला विचारा, मी सीए नाही.

जागा: वॉल की खरा कातळ?

पहिल्या वर्षी वॉल. यावर माझं मत ठाम आहे आणि आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक याच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, वॉलवर सह्याद्री कुठे कळतो? बरोबर आहे, नाही कळत. पण आपला कातळ म्हणजे बेसॉल्ट, कुठे लोखंडासारखा आणि दोन फुटांवर हातात निघून येणारा, मधेच घसारा, मधेच वाळलेलं गवत, वरून कोणाचा पाय लागला की दगड सुटणार. नवख्या २४ लोकांना त्याखाली उभं करायचं तर वर-खाली मिळून पाच-सहा अनुभवी माणसं फक्त दगड बघायला लागतात. शिवाय आग्या मोहोळ. कड्याच्या पोटात लटकलेलं मोहोळ खालून दिसत नाही आणि उठलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागाच नसते. कातळावर जाणारच असाल तर आदल्या आठवड्यात जाऊन गावातल्या माणसाला विचारा मोहोळ कुठे आहे, त्याला बरोबर माहीत असतं. त्या दिवशी परफ्युम, डिओ, सिगरेट, शेकोटी काही नाही.

परवानगीचं पण आहे. वनखात्याची हद्द असेल तर त्यांची, खाजगी जमीन असेल तर मालकाची, आणि गड असेल तर मला वाटतं सोडूनच द्या. पुणे जिल्ह्यातले राजगड, लोहगड, शिवनेरी २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथल्या तटबंदीला दोर बांधणं किंवा बोल्ट ठोकणं डोक्यात सुद्धा आणू नका.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेवाळ, एप्रिल-मे मध्ये दुपारी १२ ला कातळाला हात लावून बघा एकदा.

शिकवणार कोण

"मी खूप ट्रेक केलेत" हे क्वालिफिकेशन नाही. उत्तरकाशीची एनआयएम, दार्जिलिंगची एचएमआय, मनालीची संस्था, या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांचे बेसिक, ॲडव्हान्स आणि त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (इतरांना कसं शिकवायचं याचा) असे कोर्स असतात. मुख्य इन्स्ट्रक्टर मेथडवाला असावा, बाकीचे निदान ॲडव्हान्सवाले. पुण्यात गार्डियन गिरीप्रेमी इन्स्टिट्यूट आहे, जुने क्लब आहेत, विचारलं तर माणसं मिळतात. आणि राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, त्यामुळे ज्या संस्थेला बरोबर घेताय त्यांची नोंदणी आहे का ते आधीच विचारून घ्या.

विमा काढताना पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का ते वाचा, बऱ्याचदा वगळलेले असतात. फॉर्मवर सही घेतली म्हणजे आपण सुटलो असं समजू नका, तुमचा निष्काळजीपणा असेल तर ती सही काही कामाची नाही. १८ च्या खालच्या पोरांसाठी आई-वडिलांची सही, आणि शक्यतो तेही हजर.

सामान

दोन प्रकारचे दोर असतात हे नव्या आयोजकाला माहीत हवंच. डायनॅमिक दोर ताणतो, पडणाऱ्या माणसाचा झटका खातो, चढाईला तोच. स्टॅटिक फार ताणत नाही, रॅपलिंगला, ओढायला, रेस्क्यूला तो. स्टॅटिकवर लीड (दोर खालून वर नेत पहिलं चढणं) करायचं नाही, पडलात तर झटका सगळा तुमच्या कमरेला आणि अँकरला, म्हणजे दोर जिथे बांधलाय त्या आधाराला. नवख्यांना तसंही लीड द्यायचंच नाही, फक्त टॉप रोप, म्हणजे दोर कायम डोक्यावरून.

मागून आणलेलं सामान तपासूनच घ्या. हार्नेस (कमरेला घालायचा पट्टा), स्लिंग (पट्टीचा शिवलेला फास), दोर यांच्यावर बनवल्याची तारीख असते, १० वर्षं झाली असतील तर न वापरलेलं असलं तरी घेऊ नका. कोणी प्रेमाने "आमच्या बाबांचा हार्नेस आहे, वापरा" म्हणालं तर आभार मानून शोकेसमध्ये ठेवा. हेल्मेट चढणाऱ्याला, बिले देणाऱ्याला (खालून त्याचा दोर सांभाळणाऱ्याला), आणि खाली मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या काकांना पण. बाईकचं हेल्मेट चालत नाही. दरवर्षी कोणीतरी विचारतं म्हणून लिहिलं.

दिवस कसा लावायचा

सकाळी सातला जमा म्हणजे साडेसातला सुरुवात, पोहे-चहा, आणि मग पहिला दीड तास कोणी भिंतीला हात लावायचा नाही. हार्नेस घालणं, फिगर ऑफ एटची गाठ बांधणं, सोडणं, परत बांधणं. मग जोडीदाराने तपासायचं: बकल, गाठ, बिले डिव्हाइस, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) लॉक आहे का, हेल्मेट. मोठ्याने बोलत, हात लावून. मनातल्या मनात तपासलेलं आम्ही धरत नाही.

मग अँकर. इथे लेक्चर देऊ नका, बादली आणा. दोन जणांना एका दोराची दोन टोकं धरायला द्या, मधे पाण्याने भरलेली बादली लटकवा. दोघं जवळ उभे असतात तोवर मजेत असतात. आता एकेक पाऊल मागे जायला सांगा. दोरांमधला कोन जसा उघडत जातो तसे चेहरे बदलतात, आणि कोन १२० अंशाला पोचला की प्रत्येकाच्या हातावर आख्ख्या बादलीचं वजन असतं, अर्धं नाही. आणखी मागे गेले तर त्याहून जास्त. दोन बोल्टना स्लिंग लावताना कोन ६० च्या आत का ठेवायचा हे त्यानंतर एकालाही समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे एका आजोबांनी हे बघून सांगितलं की विहिरीवर मोट हाकणाऱ्याला हे सगळं न शिकवता कळायचं.

मग चढाई. नवखा बिले देत असेल तर दोराचं खालचं टोक दुसऱ्या माणसाने धरलेलं असायलाच हवं, आणि त्या दोघांवर एक इन्स्ट्रक्टर. शब्द आधीच ठरवून घ्या, "ऑन बिले", "टाइट", "स्लॅक", बास. मराठीत "सोड" आणि "ओढ" लांबून सारखंच ऐकू येतं, हे आम्ही अनुभवाने शिकलो, सुदैवाने जमिनीपासून चार फुटांवर. रॅपलिंगला दोराच्या टोकाला गाठ, प्रुसिकचा (दोरावर आवळून बसणाऱ्या गाठीचा) बॅकअप, आणि खालून एक जण दोर धरून. लांब केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी-स्कार्फ काढून, नाहीतर डिसेंडरमध्ये (उतरायच्या उपकरणात) अडकतात.

जेवणानंतर सगळे सुस्तावतात, तेव्हा अपघात झाला तर काय करायचं ते घ्या. ११२ ला काय सांगायचं: कुठे, किती जण, काय लागलंय, शुद्धीत आहे का, हवा कशी आहे, फोनमध्ये बॅटरी किती. लोकेशनचे आकडे मॅपमधून काढून साध्या एसएमएसने पाठवायचे कारण व्हॉट्सॲप चालत नाही तिथे एसएमएस कधीकधी निघतो. शिट्टीचा इशारा: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर आलं तर ते तीनचं येतं. पाठीला-मानेला लागल्याची शंका असेल तर हलवायचं नाही, अंगावर काहीतरी घालून गरम ठेवायचं. दोरावर लटकलेला माणूस बेशुद्ध असेल किंवा हालचाल करत नसेल तर त्याला तसं लटकत ठेवायचं नाही, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर खाली. रेस्क्यू सेंटरचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांनी तिथेच बसून सेव्ह करायचा, घरी जाऊन कोणी करत नाही.

स्ट्रेचर

हा भाग तिसऱ्या वर्षी सुचला आणि आता मी बाकी काहीही कापीन पण हा नाही. एका माणसाला स्ट्रेचरवर बांधा. आमच्याकडे मीच झोपतो कारण माझं वजन ८४ आहे आणि मला आवडतं. सगळ्यांनी मिळून त्याला २०० मीटर न्यायचं. सपाट नाही, थोडा चढ-उतार, दगड, एखादं झुडूप. एका वेळी सहा-आठ हात लागतात, वाट अरुंद झाली की बाजूने चालायला जागा नाही, पुढच्याला खालचं दिसत नाही, मागच्याला फक्त माझे बूट दिसतात. पन्नास मीटरला पहिली अदलाबदल. शंभराला गप्पा बंद. दीडशेला कोणीतरी विचारतं, "खऱ्या रेस्क्यूत किती लांब नेतात हो?" आणि टीमचा दादा शांतपणे सांगतो की कधीकधी आख्खी रात्र, पावसात, आणि वर येताना पण हेच सगळं पाठीवर घेऊन यायचं असतं.

त्यानंतर क्यूआर कोड समोर ठेवा. काही बोलू नका, भावनिक भाषण तर नकोच. दोन महिने आधी आणलेली ती यादी शेजारी चिकटवा, दोर, बॅटऱ्या, पट्टे, डिझेल, आणि कुठली वस्तू पूर्ण झाली की त्यावर पेनाने रेघ मारत जा. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी या शेवटच्या अर्ध्या तासात फीच्या शिलकीच्या तिप्पट जमलं. एका मुलीने फक्त पट्ट्यांचे पैसे दिले, म्हणाली माझा हात त्याच पट्ट्याला होता.

एक काळजी घ्या. दिवस संपताना सगळ्यांना वाटायला लागतं की आता आपण क्लाइंबर झालो आणि पुढच्या रविवारी लिंगाण्याचा सुळका. स्पष्ट सांगा की तुम्ही आज फक्त गाठ बांधायला शिकलात, लिंगाणा किंवा तैलबैला करायचा तर अनुभवी लोकांच्या मागे बरीच वर्षं चालायचं आहे.

नंतरची कामं

आठ दिवसांच्या आत हिशोब सगळ्यांना पाठवा, बिलांच्या फोटोसकट, केळ्यांचं बिल सुद्धा. दोर तुम्ही घेऊन देणार असाल तर कुठला आणि किती जाडीचा ते टीमनेच ठरवू दे, सेल लागलाय म्हणून वेगळाच आणू नका. मोठा चेक छापून फोटो काढायची आयडिया कोणीतरी देईलच, त्या छापण्याच्या पैशात दोन हेडलॅम्पच्या बॅटऱ्या येतात.

सामान ज्याचं त्याला परत, मोजून आणि तपासून, कुठे काही घासलं असेल तर लपवू नका, सांगा. मागून आणलेले दोर साध्या पाण्यात धुवायचे, डिटर्जंट-ब्लीच नाही, आणि सावलीत वाळवायचे, उन्हात अजिबात नाही. ६० मीटरचा दोर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सावलीत वाळवायला जिन्याशिवाय जागा नसते, मी चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत रेलिंगवर घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या बोर्डवर नोटीस होती, "जिन्यात कोणत्याही प्रकारचे दोर वाळत घालू नयेत. चौकशी केल्यास अपमान होईल." तेव्हा त्याची परवानगी पण आधीच काढून ठेवा.